मास्तरांना फुटलेला घाम

दुपारी साडेबाराला दुकानात शिंपी मास्तरांनी हवालदारांच्या पँटला खिसा लावला, तो गुडघ्यावर. शेजारी काज करत बसलेल्या त्यांच्या बायकोने, काकूंनी, चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. तीस वर्षं शिलाई करणारा माणूस असं करत नाही.

मागच्या तपासणीत मास्तरांच्या रक्तातल्या साखरेचा आकडा चढला होता. तेव्हापासून काकूंची खात्री होती, की हे कुठेतरी चोरून गोड खातात. आज तीन वाजता पुन्हा तपासणी होती.

"अहो, घाम का फुटलाय?"

"उकडतंय."

"पंखा डोक्यावर आहे. मी शाल घेऊन बसलेय."

"मग तुला सर्दी झाली असेल!" मास्तर खेकसले.

काकू आणखीच सावध झाल्या. एरवी कात्री पायावर पडली तरी आधी कात्रीची विचारपूस करणारा हा शांत माणूस! मास्तर सुईत दोरा ओवायला लागले. तीनदा हुकला.

"हात का कापताहेत?"

"कुठे?" म्हणत मास्तरांनी हात पाठीमागे लपवले.

"चोराच्या मनात चांदणं!"

एवढ्यात हवालदार पँट न्यायला आले. काकूंनी गुडघ्यावरचा खिसा त्यांच्यापुढे धरला आणि सगळी हकीकत सांगितली. हवालदारांनी मास्तरांना निरखलं.

"घाम, थरथर, उडवाउडवी. वहिनी, काहीतरी केलंय यांनी. मास्तर, सकाळी कुठे होतात?"

मास्तर विचारात पडले. "सकाळ... झाली का?"

"सोंग!" हवालदार म्हणाले.

"माणूस खोटं बोलेल, यंत्र नाही बोलणार." काकूंनी साखर मोजायचं यंत्र काढलं आणि मास्तरांच्या बोटाला सुई टोचली. त्या तीनशेच्या तयारीत होत्या. आकडा आला बावन्न.

जिभेवर आलेलं वाक्य काकूंनी गिळलं आणि आरशाजवळ चिकटवलेल्या डॉक्टरांच्या कागदाकडे धाव घेतली. त्यातला वरचा अर्धा भाग, काय खायचं नाही तो, त्यांना पाठ होता. खालचा आज पहिल्यांदा वाचला. साखर सत्तरच्या खाली गेली की घाम येतो, हात थरथरतात, माणूस चिडतो, गोंधळतो. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल, तर लगेच साखर द्यावी.

मास्तर स्टुलावरून घसरायला लागले होते.

"धरा यांना!"

"अटक करू?"

"अहो, सावरा म्हणते मी!"

ज्या हातांनी दुकानातल्या चहाच्या साखरेचा डबा महिनाभर कुलपात ठेवला, त्याच हातांनी काकूंनी चार चमचे साखर पाण्यात ढवळून घोट घोट पाजली. त्यांचे डोळे भरून आले होते. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं. अठ्ठ्याऐंशी.

मास्तरांची नजर ताळ्यावर आली आणि पँटवर पडली. "हा गाढवपणा कुणी केला?"

"ते राहू द्या. सकाळपासून पोटात काय गेलंय?"

मास्तरांनी मान खाली घातली. "मधुमेहाची गोळी. नाश्ता कुत्र्याला घातला. तू सारखा संशय घेतेस ना? म्हटलं, उपाशी राहून एकदा असा झकास आकडा आणतो, की तुझं तोंडच बंद होईल."

तोंड खरोखरच बंद झालं. संतापाने काकूंच्या कपाळावर घाम आला, हात थरथरू लागले, ओठ हलत होते पण शब्द फुटेना.

हवालदारांनी घाबरून साखरेचा डबा पुढे सरकवला. "मास्तर, वहिनींनाही तेच झालंय! द्या लवकर!"

मास्तरांनी जेवणाचा डबा उघडून घाईघाईने मोठा घास घेतला.

"साखर नको, साहेब," ते भरल्या तोंडाने म्हणाले. "हिचं मी जेवल्यावर उतरतं."