यंत्र हलता कामा नये

कोणतंही यंत्र घेण्याआधी ते कोणी वापरायचं नाही हे ठरवून ठेवावं लागतं. ज्या संस्था एवढी काळजी घेत नाहीत त्यांची यंत्रं लवकर झिजतात. आमच्या भिवंडीच्या कॉलेजात आजवर एकही यंत्र झिजलेलं नाही. १९७९ साली आलेलं सायक्लोस्टाइल मशीन अजून नव्यासारखं आहे (शाई १९८० साली संपली). बाकी गाव दिवसरात्र दोन शिफ्टमध्ये लूम चालवतं. अशा गावात एखाद्या तरी इमारतीत यंत्रांना विश्रांती मिळावी, ही सामाजिक जबाबदारी आम्ही उचललेली होती.

१९९७ च्या जुलैत गुलाम हुसेन शेट कॉलेजात आले. त्यांचे ऐंशी लूम आहेत, आणि आमच्या कॉलेजात शिकलेला एकही नातेवाईक नाही, त्यामुळे त्यांच्या मनात कॉलेजबद्दल आदर टिकून आहे.

"सर, एक कॉम्प्युटर देतो कॉलेजला," ते म्हणाले. "दुबईला पुतण्या हाय, त्याच्याकडनं तो घडीचा लॅपटॉप मागवतो, वापरलेला. नायतर ठाण्याहून टेबलावरचा नवा घेऊ. मला दोन्ही सारखेच पडतात. पोरांना काय पायजे ते तुम्ही शिकलेले लोक सांगा. फक्त मार्चच्या आत सांगा."

प्राचार्यांनी समिती नेमली आणि मला अध्यक्ष केलं. मी व्यापारी पत्रव्यवहार शिकवतो. कॉम्प्युटर मी तोवर फक्त बँकेत, काचेपलीकडून पाहिला होता. पण स्टाफरूममध्ये कॅल्क्युलेटर असलेला मी एकटाच होतो, आणि प्राचार्यांच्या मते तांत्रिक बाजू कोणीतरी सांभाळायला हवी होती. (त्या कॅल्क्युलेटरमध्ये घड्याळही होतं. मी तो वेळ पाहण्यासाठी वापरत असे.) दुसऱ्या सदस्य ग्रंथपाल आनंदीबाई. तिसरा आमचा जुना शिपाई दामू, कारण किल्ल्या त्याच्याकडे असतात.

समितीची बातमी फुटली त्याच दिवशी तृतीय वर्ष वाणिज्यची बिल्किस माझ्याकडे आली. तिचे वडील अय्यूबभाई लूमवर कामाला. सकाळी आई आणि ती घरी कांड्या भरत, म्हणजे लूमच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळत. गावाबाहेर पूर्ण्याला एक नवं गोदाम होत होतं. त्याचं ऑफिस मे महिन्यात सुरू व्हायचं होतं आणि तिथे कॉम्प्युटरवर बसायला मुलगी हवी होती. अट एकच, महिनाभर तरी कॉम्प्युटर हाताळलेला हवा आणि तसं कॉलेजचं पत्र हवं. कल्याणच्या क्लासची बॅच सकाळची, आणि सकाळी कांड्या.

"सर, मशीन आलं की मला रोज एक तास मिळेल ना?" तिने विचारलं.

मी "नक्की" म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं. माझ्यात तोच दोष आहे, मी सगळं मनापासून करतो.

पहिल्या सभेत प्रश्न असा निघाला की वस्तू कोणत्या रजिस्टरात चढवायची. लॅपटॉप उघडतो, मिटतो, काखेत मारून नेता येतो. तेव्हा ते पुस्तक ठरलं आणि आनंदीबाईंच्या ताब्यात गेलं. डेस्कटॉप एका जागी बसून राहतो. तेव्हा ते फर्निचर ठरलं आणि दामूच्या झाडण्या-पुसण्यात आलं. त्यानंतर दोघांनी मोकळ्या मनाने आपापली मतं दिली.

"मुलं पुस्तकांची पानं फाडतात, याचं काय काय फाडतील," आनंदीबाई म्हणाल्या. "डेस्कटॉपच बरा."

"मी अठ्ठावीस खोल्या झाडतो सर, त्यात ह्यो टीव्ही पुसायला जमनार न्हाय," दामू म्हणाला. दामू कोन गावाहून सायकलने येतो, त्यामुळे त्याचं मत ग्रामीण भागाचं मत म्हणून नोंदवलं गेलं. "त्यो मिटवायचाच घ्या."

एक विरुद्ध एक. निर्णायक मत माझं होतं. ते देण्यासाठी दोन्हींतला फरक माहीत असणं आवश्यक होतं, म्हणून मी सर्वेक्षणाचा प्रस्ताव मांडला. तो एकमताने संमत झाला. काहीच न येणाऱ्या माणसाला सर्वेक्षणाने किती आधार मिळतो हे ज्याला येतं त्याला कळायचं नाही.

प्रश्नावली तयार करायला ऑगस्ट ते नोव्हेंबर लागले. (सायक्लोस्टाइलला शाई नसल्याने ती हाताने लिहावी लागली.) एकूण ४१२ विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. २०३ जणांनी "चालेल" असं लिहिलं. ११८ जणांनी "सर सांगतील तो" असं लिहून संस्कारांचा परिचय दिला. ६४ जणांनी बसथांब्यावर शेड मागितली. २६ कागद कोरे आले. शिस्तीच्या दृष्टीने हा गट सर्वांत समाधानकारक वाटला. उरला एक कागद. त्यावर लिहिलं होतं, "कुठलाही. पण याच वर्षी."

दोनपैकी एक पर्याय निवडायचा असल्याने हे मत बाद करण्यात आलं. शिक्का मीच मारला. दुसऱ्या दिवशी बिल्किस विचारायला आली.

"सर, मला दोन्ही चालतात, म्हणून तसं लिहिलं."

"म्हणूनच बाद झालं," मी म्हटलं. मला ते उत्तर इतकं आवडलं की मी ते इतिवृत्तात घातलं.

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक ठरलं, आणि ते शुक्रवारी ठरलं. शुक्रवारी लूमना सुट्टी असते, त्यामुळे विजेचा दाब सरळ असतो. इतर दिवशी आमच्या कॉलेजातला बल्ब एखाद्या विद्यार्थ्यासारखा असतो, हजर असतो पण उजेड पडत नाही. डेस्कटॉप ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून टेम्पोतून आला. लॅपटॉप घेऊन शेटचा पुतण्या स्वतः आला. आम्ही चपला बाहेर काढल्या, हात मागे बांधले आणि दोन्ही यंत्रांकडे पंचवीस मिनिटं पाहिलं. "छान आहेत," असं मी म्हटलं. प्रात्यक्षिक यशस्वी झालं.

मग पुतण्या दाराशी उभ्या असलेल्या बिल्किसला म्हणाला, "बसा ना, बघा चालवून." ती लॅपटॉपसमोर बसली. पंधरा मिनिटांत तिने फलकावरची माझी इंग्रजी नोटीस टाइप केली, तीही माझ्या दोन चुका दुरुस्त करून. ती एकदाही माझ्याकडे वळली नाही. कॉलेजात तीन वर्षं पाहिलेली मुलगी मी त्या दिवशी पहिल्यांदा रमलेली पाहिली. मला आनंद झाला, आणि त्या दोन चुकांचा रागही आला. आनंद नोंदवायला इतिवृत्तात रकाना नव्हता. तेव्हा "एका विद्यार्थिनीने समितीच्या अनुमतीविना यंत्रास स्पर्श केला" एवढंच नोंदवलं आणि तिला खुलासा मागणारं पत्र दिलं. ते माझ्या उत्तम पत्रांपैकी एक आहे. ते मी आजही वर्गात नमुना म्हणून वाचून दाखवतो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात शेट उत्तर मागायला आले. समितीचा अहवाल तोवर चौऱ्याहत्तर पानांवर गेला होता आणि दोन्ही बाजूंना तो सदतीस सदतीस पानं न्याय देत होता.

"आमच्यात लूम घ्यायचा तर आधी चालवणाऱ्याला विचारतात," शेट म्हणाले. "त्या पोरीला विचारलं का?"

"तिचं मत बाद आहे," मी सांगितलं.

शेटनी अहवाल न उघडताच माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, "मग तो घडीचाच घ्या. तिला जमला होता ना."

अशा रीतीने समितीने लॅपटॉपची निवड केली. (अहवालात याला "सर्वंकष विचारांती" म्हटलं आहे.) पण निवड झाली की जबाबदारी येते. हलणारी वस्तू चोरीला जाते, हे आनंदीबाईंनी निदर्शनास आणलं. चोरीला गेली तर तिची किंमत अध्यक्षाच्या, म्हणजे माझ्या पगारातून कापतील, हे दामूने आणलं. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी तोडगा काढला. लॅपटॉप घ्यावा, पण तो टेबलाला कायमचा बोल्टने बसवावा. त्यामुळे लॅपटॉपवाल्यांना लॅपटॉप मिळत होता आणि डेस्कटॉपवाल्यांना तो जागचा हलत नव्हता. आठ महिन्यांत समितीत पहिल्यांदाच टाळ्या वाजल्या.

लॅपटॉप तेवीस मार्चला, सोमवारी सकाळी आला. बिल्किसला मी अकराची वेळ दिली होती. ती पावणेअकराला वही घेऊन हजर होती. महिना भरायला एप्रिल पुरेसा होता, मे महिन्यात गोदाम सुरू व्हायचं होतं, सगळं बरोबर बसत होतं. बोल्टच्या कामाला मी हिरामण फिटरला बोलावलं होतं. गावातले निम्मे लूम त्याने जमिनीला आवळले आहेत आणि एकही कधी तसूभर सरकलेला नाही. मी त्याला लेखी आदेश दिला: "यंत्र चारही कोपऱ्यांतून टेबलास बोल्टने पक्के करावे. यंत्र हलता कामा नये."

हिरामणने कागद दोनदा वाचला. "कोपऱ्यातूनच पायजे सर? आरपार?"

"लिहिलंय तसं करा," मी म्हटलं. माझ्या पत्राचा अर्थ मलाच विचारलेला मला चालत नाही.

"सर, आधी एकदा चालू करून बघूया का?" बिल्किस म्हणाली.

"आधी सुरक्षा," मी म्हटलं.

हिरामणने ड्रिल लावलं. एकेका कोपऱ्याला चार मिनिटं, असं सोळा मिनिटांत काम झालं. त्याने पान्याने शेवटचा नट आवळला, टेबल धरून गदागदा हलवलं आणि समाधानाने मान डोलावली. टेबल हललं, लॅपटॉप हलला नाही. तो त्यानंतर चालूही झाला नाही. दामूने बटण दाबून पाहिलं, मी दाबलं, आनंदीबाईंनी चष्मा लावून दाबलं. बिल्किसने दाबलं नाही. ती चार बोल्टकडे बघत उभी होती आणि अकरा वाजले होते.

मला त्या दिवशी फार लाज वाटली. इतकी लाज वाटल्यावर माणसाने काय करावं ते मला एकच येतं, मी पत्र लिहिलं. "कु. बिल्किस या संस्थेच्या संगणकाच्या निकट सहवासात होत्या," असा दाखला सही-शिक्क्यासह तिच्यापुढे ठेवला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

तिने तो वाचला, नीट घडी घालून माझ्या टेबलावर परत ठेवला. "मला कागद नको होता सर," ती म्हणाली. "मला बसायचं होतं."

गोदामात दुसरी मुलगी लागली. बिल्किस घरी कांड्या भरते, असं अय्यूबभाई मध्यंतरी बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, आणि माझ्या प्रकृतीची त्यांनी चौकशीही केली. लॅपटॉप आहे तिथेच आहे. समिती मात्र बरखास्त झालेली नाही. आनंदीबाई निवृत्त झाल्याने तिच्यात एक जागा रिकामी आहे.

ती भरायला आम्ही जाहिरात देणार नाही. तुम्हीही मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून घरी कॉम्प्युटर घेतला असेल. त्याच्यावर झालरीचं कव्हर असेल, कव्हरवर घडी केलेला टॉवेल असेल, आणि मूल जवळ गेलं की "हात लावू नको, बिघडेल" असं आतल्या खोलीतून ओरडणारे तुम्ही असाल. तेव्हा अर्ज करायची गरज नाही. तुमची निवड झाली आहे असं समजून येत्या शुक्रवारी सभेला यावं. चपला बाहेर काढाव्यात.