छापील बाजू

सर्वांत वर, लाल ठळक अक्षरांत

मा. मिन-दो साहेब यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा!

सुहास सकाळी सव्वानऊला कापड्याच्या एसटीतून पोलादपूर स्टँडवर उतरत होता, तो शेवटच्या पायरीवरच थबकला.

"ओ क्लार्कसाहेब, उतरा की," मागून कंडक्टर ओरडला, "का येताय आमच्याबरोबर परत कापड्याला?"

समोर, उसाच्या रसाच्या गाड्यामागे, बारा फूट रुंद फ्लेक्स उभा होता. त्यावर गुलाबी केसांचा मिन-दो. त्याच्या मागे किल्ल्याचा बुरूज, डाव्या अंगाला डरकाळी फोडणारा वाघ, डोक्याभोवती सोनेरी किरणं. मिन-दो हा कोरियातल्या सोल शहरातला गायक, 'नाइन लँटर्न्स' नावाच्या नऊ पोरांच्या बँडमधला सगळ्यात धाकटा. त्याने जन्मात वाघ पाहिला असलाच, तर तो तिकीट काढून.

फ्लेक्स सुहासनेच सांगितला होता. पण तीन फुटांचा. आणि तो कुठेही टांगायचा नव्हता.

मधोमध, बारीक अक्षरांत

त्याचं असं झालं. सोलमध्ये गायकाचा वाढदिवस आला, की चाहते वर्गणी काढून रेल्वे स्टेशनांत त्याचे मोठमोठे फलक लावतात. सुहास पोलादपूरच्या एका शाळेत लिपिक. त्याची मैत्रीण गौतमी महाडच्या एका दवाखान्यात नर्स. दोघं मिन-दोचे चाहते. महाड-पोलादपूर धरून आणखी कुणी असलाच, तर तो यांना भेटला नव्हता. दोघांनी ठरवलं, आपणही फलक करायचा. छोटासा. सावित्रीच्या काठावर तो हातात धरून फोटो काढायचा, चाहत्यांच्या ग्रुपवर टाकायचा आणि गुंडाळून ठेवायचा.

मजकूर मराठीत लिहायचा हे सुहासनेच ठरवलं. कोरियात मराठी कुणाला येत नाही आणि इथे तो कुणाला दिसणार नाही. इतकी सुरक्षित जागा त्याला सव्वीस वर्षांत मिळाली नव्हती. मग त्याने हात आखडता घेतला नाही:

"मिन-दो, गेल्या वर्षी वीस हजार माणसांसमोर तू सांगितलंस, की तू गे आहेस, तुला मुलगेच आवडतात. आणि मग पुढचं गाणं म्हटलंस. मीही तसाच आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे."

गौतमीला हे सारं आधीपासून माहीत होतं. तिने मजकूर वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे खरं?"

"फ्लेक्सवर तरी खरं."

"सुहास, आमच्या महाडात माणसं चवदार तळ्यावर ओंजळ भरायला गेली, ती दिवसाढवळ्या गेली. अंधारात गुपचूप गेली असती, तर नुसती तहान भागली असती."

"तुझं प्रत्येक गोष्टीत तळं येतं."

"गावच तसलं आहे माझं. मी काय करू?"

खाली उजवीकडे, गोलात

गोलात काळा चष्मा लावलेला सुहास होता. खाली लिहिलं होतं: शुभेच्छुक, युवा नेतृत्व, कापडे.

सुहासने रसाच्या गाड्याआड जाऊन महाडला फ्लेक्सवाल्या मंगेशला फोन लावला.

"मंगेश, तो फ्लेक्स स्टँडवर कसा आला?"

"आवडला ना? रातोरात उभा केला, भावा! वाढदिवसाचा फ्लेक्स म्हणजे प्रिंट, फ्रेम, चौकात उभा, एकच पॅकेज. तू साईज तीन लिवलेली. म्हटलं, तीन फुटात साहेब मावनार कसे? घाईत लिवलं असशील."

"आणि माझा फोटो?"

"व्हॉट्सअ‍ॅपवरनं उचलला. शुभेच्छुकाबिगर फ्लेक्स कदी बघितलास? लोकांना कळाया नको, कोन शुभेच्छा देतोय?"

"आणि मजकूर… सगळा छापलास?"

"एक अक्षर सोडलं नाय. गेल्या साली एका पुढाऱ्याच्या मेव्हन्याचं नाव राहिलं, तर तो तीन दिवस दुकानात येऊन बसला. चहा पन आमचाच. तवापासून नियम केलाय, आलेलं सगळं छापायचं."

"अरे, पण तू वाचलंस का ते?"

"वाचाया टाइम कुनाला हाय? मी फक्त बसवतो."

"आत्ताच्या आत्ता उतरव."

"शिडी पाचाडला गेलीय. चारनंतर बघू."

चारनंतर! सुहासची आई साळूबाई दोनच्या गाडीने येणार होती. गोठ्यासाठी पत्र्याचे खिळे घ्यायचे होते तिला. आणि साळूबाईचं हे असं होतं, की गेल्या वर्षी वाडीतल्या साक्षरता वर्गात ती वाचायला शिकली, मार्चमध्ये परीक्षा पास झाली आणि तेव्हापासून तिच्या तावडीतून एकही अक्षर सुटत नव्हतं. मिठाची पिशवी, एसटीचं तिकीट, 'येथे थुंकू नये'. सगळं ती अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची. अर्ध्यावर सोडायची नाही. वर्गाच्या उज्ज्वलाबाईंनी तशी शपथच घातली होती म्हणे.

सगळ्या तालुक्यात फ्लेक्स वाचणारी ती एकटीच बाई होती, आणि ती दोनच्या गाडीने येत होती.

डावीकडे, वाघाच्या पंजाखाली

फ्लेक्सखाली माणसं जमली होती. पुढे माजी सरपंच दत्ताराम, हात मागे बांधून. निवडणुका दोन महिन्यांवर आल्या होत्या. अशा दिवसांत आपल्याला न विचारता कुणाचा वाढदिवस व्हावा, हे त्याला सहन होत नव्हतं.

"सुहास, इकडं ये. हे साहेब कुठले रे?"

"कोरियाचे," सुहास म्हणाला. खोटं बोलायची सवय नाही, हे कधीकधी फार महागात पडतं.

'कोरिया' हा शब्द रसाच्या गाड्याला एक फेरा मारून परत आला, तेव्हा त्याला शेपूट फुटलं होतं.

"म्हंजे कंपनी येतेय!"

"महाडच्या एमआयडीसीत?"

"मग काय शिवथरच्या घळीत येनार? साहेबाचं केस बघ. रंगाची कंपनी असनार."

"आन आपला सुहास त्यांचा मानूस. बघ की, गोलात फोटो हाय."

अकरा वाजता सुहासच्या हातात चार बायोडेटा होते. बारा वाजता अकरा. त्याने शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कारण शाळेच्या शिपायानेही भाच्याचा बायोडेटा आणला होता. साडेबाराला एक टेम्पो आला आणि त्यातून शिडी उतरली. पाचाडला गेलेली. पाठोपाठ मंगेश, आणि दुसरा फ्लेक्स: 'मा. मिन-दो साहेबांचे पोलादपूर नगरीत सहर्ष स्वागत'. त्यात मिन-दो टिकलीएवढा आणि दत्ताराम डोंगराएवढा होता.

"मंगेश, शिडी आहे ना आता? माझा उतरव."

"भावा, खाली दत्ताभाऊ उभेत. साहेबांच्या फ्लेक्सला हात लावला, तर माझे हात राहतील का?"

दत्तारामने खरोखरच दोन माणसं पहाऱ्याला बसवली होती.

आता सुहासचं डोकं फिरलं. सकाळपासून त्याला भीती होती, की कुणीतरी वाचेल. इथे दीडशे माणसं चार तास त्या मजकुरासमोर उभी होती, त्याच्यासोबत सेल्फी काढत होती, आणि वाचलं एकानेही नव्हतं. सव्वीस वर्षं जपलेलं गुपित बारा फुटांवर छापून यावं आणि त्याकडे कुणी ढुंकूनही बघू नये? हा तर अपमान झाला.

"अहो, कंपनी नाही!" तो ओरडला. "तो गायक आहे! वाचा ना, काय लिहिलंय ते!"

"वाचलं की. माननीय मिन-दो साहेब."

"त्याच्या खालचं!"

"खालचं कोन वाचतंय?"

सुहासने मंगेशची शिडी ओढली, चार पायऱ्या चढला आणि शाळेत सूचना वाचायचा तसा खणखणीत आवाजात सगळा मजकूर वाचला. 'मीही तसाच आहे' या ओळीला त्याचा आवाज फाटेल असं त्याला वाटलं होतं. फाटला नाही. उलट तीच ओळ सगळ्यात स्वच्छ आली.

रसाचं चाक थांबलं. एक जण काहीतरी चावट बोलायला तोंड उघडत होता. मग त्याला आठवलं, की आपला बायोडेटा सुहासच्या हातात आहे. त्याने तोंड मिटलं.

दत्तारामने मान वर करून सुहासकडे पाहिलं.

"म्हंजे, तू लगीन नाय करनार?"

"मुलीशी नाही."

"हं." दत्तारामने विचार केला. "बरं. ते तुझं तू बघ. कंपनी कदी येतेय ते बोल."

सुहासला हसू फुटलं. शिडीवरून पडेल इतकं. त्या हसण्यातच त्याची नजर रस्त्यापलीकडे गेली.

दोनची गाडी पावणेदोनलाच आली होती. साळूबाई पिशवी काखोटीला मारून पलीकडच्या कडेला उभी होती. मान वर, बोट हवेत, ओठ हलत होते. मध्ये रिक्षा आली की ती थांबायची, रिक्षा गेली की बोट पुन्हा त्याच शब्दावर यायचं. शेवटच्या ओळीपर्यंत बोट गेलं. मग ते परत वर गेलं, पहिल्या ओळीवर.

सुहास शिडीवरून उतरला, तेव्हा त्याचं हसू कुठल्या पायरीवर राहिलं, त्यालाच कळलं नाही.

(इथे फ्लेक्सवर काही छापलेलं नाही)

कापड्याची परतीची गाडी. साळूबाई खिडकीशी, मांडीवर खिळ्यांची पुडी. 'स्त्रियांसाठी राखीव' तिने वाचलं, 'वाहक' वाचलं. वाचण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ती खिडकीबाहेर बघत बोलली.

"दोनदा वाचलं. पयल्यांदा वाटलं, मीच चुकतेय. उज्ज्वलाबाय सांगते, शंका आली की परत वाचायचं. परत वाचलं. तेच हाय."

"हो आई. तेच आहे."

एक वळण गेलं. दुसरं गेलं.

"त्या गुलाबी केसवाल्याच्या आयशीला ठावं हाय?"

"हो. त्याने सांगितलं, तेव्हा ती पहिल्या रांगेत बसली होती."

साळूबाईने मान वळवून पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितलं.

"तिला पयली रांग. आन मला एश्टी ष्टँड?"

आता सुहास 'वाहक' वाचू लागला.

"सव्वीस वरसं एका चुलीवरचं जेवतोस. आन मला सांगाया तुला मंगेस लागला?"

"भीती वाटायची गो आई."

"कुनाची, माजी? वाघाबरोबर फोटो काढून घेतलास, त्याची नाय वाटली ती?"

"तो मंगेशने…"

"गप." तिने पुडी घट्ट धरली. "शेजारच्या मंजुळाच्या भाचीचं स्थळ आलंय तुला. तिला कळवाया पायजे."

"काय कळवणार?"

"नाय म्हनून. आनखी काय, फ्लेक्स लावू?"

नंतर दोन दिवस ती कामापुरतंच बोलली. म्हशीशी मात्र बरंच बोलत होती, हळू आवाजात, आणि सुहास गोठ्यात गेला की दोघी गप्प व्हायच्या.

मागची बाजू

कंपनी येणार नाही, हे दत्तारामला पटायला तीन दिवस लागले. त्यासाठी गौतमीला महाडहून येऊन स्टँडवर मोबाईलवर मिन-दोचं अख्खं गाणं त्याला दाखवावं लागलं. "नाचतो बरा," तो म्हणाला, "आमच्या जाखडीवाल्या पोरांना दाखीव एकदा." आणि पहारा उठला. मंगेशने दोन्ही फ्लेक्स उतरवून गुंडाळले.

चौथ्या दिवशी सकाळी साळूबाई म्हणाली, "त्ये दोनी घेऊन ये. गोठ्याच्या दोन्ही अंगांनी झडीचं पानी आत येतं. पाऊस तोंडावर हाय."

कापड्यापासून घाटापर्यंत कुठल्याही वाडीत जा, गोठ्याला, लाकडांना, पेंढ्याला फ्लेक्स असतोच. आणि तो लावायची रीतही एकच: छापील बाजू आत, पांढरी बाहेर. पुढारी कितीही मोठा असो, पावसाळाभर त्याचं तोंड लाकडांकडे.

सुहास शाळेतून परतला, तेव्हा अंगणात गौतमी मोबाईल धरून उभी होती आणि साळूबाई पिढ्यावर चढून शेवटचा खिळा ठोकत होती. मागच्या अंगाला दत्ताराम, रीतीप्रमाणे आत तोंड करून. म्हैस त्याच्याकडे बघत रवंथ करत होती. पुढच्या अंगाला, पायवाटेकडे, गुलाबी केस, वाघ, किरणं आणि मजकूर. सगळा, एकही अक्षर न दुमडता.

फक्त 'आईला अजून सांगितलेलं नाही' या ओळीवर कोळशाने एक सरळ रेघ ओढलेली होती.

"काकू, मधे उभ्या राहा," गौतमी म्हणाली. "फोटो कोरियाला जायचाय."

साळूबाईने पदर सारखा केला.

"आई," सुहास म्हणाला, "फ्लेक्स उलटा लावलास तू. लोक छापील बाजू आत टाकतात."

साळूबाईने हातोडी खाली ठेवली आणि फोटोसाठी ताठ उभी राहिली.

"आत टाकून?" ती म्हणाली. "म्हशीनं वाचायचं?"