उताराचा अंदाज, चहासकट

परीक्षकाला ऊन पडायच्या आत उताराखाली नेऊन उभं करायचं, एवढंच एरमेकला जमवायचं होतं. मार्चमध्ये जिर्गालानच्या त्या उतारावर ऊन आलं की वरचा बर्फ जड होतो आणि केव्हाही सुटून खाली येतो. त्याआधी खड्डा खणायचा, थर तपासायचे, धोका किती ते सांगायचं आणि स्कीवरून उतरायचं, ही परीक्षा. पास झाला तर वाटाड्याचा बिल्ला. नाहीतर मामाच्या घोड्या राखायच्या, हे मामाने जाहीर केलं होतं; घोड्यांनाही बहुधा कळवलं असावं.

परीक्षक कादुफ स्वित्झर्लंडचे. त्यांना किरगीझ येत नव्हतं, इंग्रजी येत होतं. अडचण एकच होती: उताराकडे जाणारा रस्ता गावातून जात होता.

पहिल्याच फाटकात काल्बुबू एजे उभी. गावात आपल्याहून मोठी प्रत्येक बाई एजे असते, आणि तिच्या दारावरून पाहुणा तोंडात घास न घालता पुढे जात नाही.

"एरमेक, पाहुणा आहे का स्कीची काठी? आण आत त्याला!"

"एजे, परीक्षा आहे माझी. उशीर होतोय गं."

"मोठा आला उशीरवाला! तुझा आजा माझ्याकडचा चहा प्यायल्याशिवाय कधी डोंगर चढला नाही."

"काय म्हणतायत त्या?" कादुफनी विचारलं.

चहासाठी परीक्षा थांबवली असं एरमेकने कसं सांगायचं? "म्हणतात, रात्री पश्चिमेचा वारा होता."

कादुफ खुलले. "स्थानिक निरीक्षण! वा! किती जोराचा, विचारा."

"एजे, जॅम कसला आहे, विचारतायत."

"जर्दाळूचा. आणि त्याला म्हणावं, आमचा पोरगा अजून बिनलग्नाचा आहे. तिकडे कोणी असली तर बघ."

"चांगलाच जोराचा," एरमेक म्हणाला. "कड्याच्या अलीकडे बर्फ साठला असेल, म्हणतात."

जॅम संपवून दोघं बाहेर पडले, ते समोरच्या सुयूमकान एजेने पाहिलं.

"तिच्याकडे खाल्लंत आणि माझ्याकडे नाही? मग जा, आणि माझ्या मयतालाही येऊ नका!"

"मधला थर कच्चा आहे, म्हणतात," एरमेकने भाषांतर केलं. आत कणकेचे तळलेले बोर्सोक आणि साय वाट पाहत होती. तिसऱ्या घरी मटणाचा रस्सा होता, त्यातून एरमेकने वाढती उष्णता काढली.

उताराखाली पोचले तेव्हा ऊन चांगलं पसरलं होतं. कादुफ मान वर करून बघत राहिले.

"वारा, कच्चा थर, उष्णता. आता काय करणार?"

वर जावं तर स्वतःचीच माहिती धुडकावल्यासारखं. खरं सांगावं तर घोड्या. एरमेकने चेहरा शक्य तितका गंभीर केला. "परत फिरणार."

कादुफनी त्याचा हात हातात घेतला. "सगळे खड्डा खणतात आणि वर जातात. परत फिरणारे तुम्ही पहिलेच!"

बिल्ला मिळाला. त्या उतारावरचा बर्फ त्या दिवशी सुटला नाही, नंतरही नाही. एप्रिलमध्ये सावकाश वितळून गेला.

पुढच्या हिवाळ्यात एरमेकची पहिली गिऱ्हाइकं आली, आणि त्यांच्यासोबत कादुफही. त्यांनी नवा नियम आणला होता: चढाईआधी गावातल्या एजेचं मत घ्यायचं आणि ते पाळायचं. शिवाय ते वर्षभर किरगीझ शिकले होते. हे ऐकताच एरमेकचा हात आपोआप बिल्ल्यावर गेला.

"एजे," कादुफनी फाटकाशी स्वतःच विचारलं, "आज उतार कसा आहे?"

काल्बुबू एजेला असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. तिने डोंगराकडे पाहिलं. मग चुलीवरच्या पातेल्याकडे पाहिलं.

"आज धोका आहे. आत या."

कादुफनी मान डोलावली. गिऱ्हाइकांनी मुकाट्याने स्की काढल्या.

"आणि उद्या, एजे?" एरमेकने रडवेल्या आवाजात विचारलं.

"उद्या मेंढी कापतेय. उद्या तर जास्तच धोका आहे."