फळीवरची टणटण

दुपारची वेळ. स्वयंपाकघरात कुणीच नव्हतं, आणि तिथून आवाज आला. टण.

कुसुमावतीबाईंच्या हातातली साडी बॅगेत जाता जाता थांबली. उद्या त्या पादरा गावी भावाकडे निघाल्या होत्या, कायमच्या. "इथे सुभानपुऱ्यात करमत नाही," एवढंच कारण. सून ऋचा पुढच्या महिन्यात पुन्हा शाळेत विज्ञान शिकवायला जाणार होती. सव्वा वर्षाच्या ओवीला कुणाजवळ ठेवायचं, हे सासूला विचारायची तिची हिंमत होत नव्हती.

टण.

"ह्यांची अंगठी," कुसुमावतीबाई पुटपुटल्या.

जयवंतराव ओवीच्या जन्माआधीच गेले. तोंडाने चहा मागणं त्यांच्या सरदारी रक्तात नव्हतं. तीन वाजले की ते खुर्चीत बसून अंगठीने स्टीलची ताटली वाजवायचे.

"आई, मांजर असेल."

"मांजर अंगठी घालतं का गं?"

त्यांनी चहा टाकला आणि एक कप रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. ओवी झोपेतून उठून डुलत आली, खुर्चीकडे बघून खुदकन हसली. ऋचाने तिला चटकन कडेवर घेतलं.

साडी परत कपाटात गेली. "हे इथे चहासाठी ताटकळणार, आणि मी पादऱ्याला जाऊन बसू?"

संध्याकाळी पीठ काढताना ऋचाला उलगडा झाला. मोबाइलवरच्या एका प्रोटीनवाल्या ताईंचं ऐकून तिने सकाळी चणे भिजवले होते. तेवढ्यात ओवी रडली. घाईत बरणी काठोकाठ भरली गेली, ताटात ठेवून वरच्या फळीवर पिठाच्या डब्यामागे सारली गेली आणि विसरली गेली. चणे फुगले, वरचे एकेक करून ताटात पडले. एवढंच! सांगायला तिने तोंड उघडलं. कोपऱ्यात रिकामी बॅग दिसली. तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा चणे भिजवले. काठोकाठ.

मग उसळ, सॅलड, टिक्की, पुन्हा उसळ. "ऋचा, मी घोडा आहे का?" नवरा उत्कर्ष कळवळला.

"प्रोटीन असतं त्यात."

"ऑफिसात माझ्या शेजारी कुणी बसेना!"

शेजारच्या ज्योत्स्नाबेन मात्र रोज तीनला येऊन बसू लागल्या. "काका, आमच्या सोहमचा व्हिसा थशे ने? होईल ना?"

टण.

"हा पाडी, हा पाडी! काका हो म्हणाले!" त्यांनी त्याच संध्याकाळी पेढे वाटले. सोहमने अजून अर्जही केला नव्हता.

शाळेच्या पहिल्या दिवशी ओवीची मिठी सोडवता सोडवता ऋचा चणे विसरली. शेवटच्या तासाला फळ्यावर ‘गुरुत्वाकर्षण’ लिहिताना तिच्या हातातून खडू निसटला, खाली पडला, आणि तिला आठवलं. आज ताटात काहीच पडणार नव्हतं.

स्कूटर दामटत ती घरी पोचली. दाराशी बॅग नव्हती. कुसुमावतीबाई मेथी निवडत होत्या.

"आई, आज आवाज..."

"कसा येईल? चणे कुठे भिजवलेस?"

ऋचा त्यांच्यासमोर येऊन बसली. "तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्याच दिवशी फळी बघितली. अगं, ह्यांनी जन्मात कधी चणे खाल्ले नाहीत, ते चण्यांतून कशाला येतील? आणि ह्यांचं वाजवणं ठरलेलं. दोनदा, जरा थांबून एकदा. चणे आपले मनाला येईल तेव्हा पडतात."

"मग पादऱ्याला का नाही गेलात?"

"रोज चोरासारखी स्टुलावर चढायचीस. म्हातारीला ठेवून घ्यायला एवढं कोण करतं?" त्यांनी मेथीची काडी मोडली. "नुसतं ‘राहा’ म्हणाली असतीस, तर पोराचं पोट तरी वाचलं असतं."

दोघी पोट धरून हसत सुटल्या.

टण टण... टण.

हसू तिथेच थांबलं. जयवंतरावांच्या खुर्चीत ओवी चढून बसली होती. हातात चमचा, पुढ्यात ताटली.

"तुम्ही शिकवलंत?" ऋचाने हळूच विचारलं.

कुसुमावतीबाईंनी नुसती मान हलवली. नाही. मेथीची जुडी हातातच राहिली होती.

ओवीच्या कपाळाला बारीकशी आठी पडली. टण टण... टण.

विज्ञानाच्या बाईंनी निमूटपणे गॅस पेटवला आणि आधणात एक कप पाणी जास्त घातलं.