वेचला कुणी?

वानखडेकाका भेटले की 'कशी आहेस' वगैरे विचारत नाहीत. मागे जातात, तुमची कॉलर उलटी करतात, चष्मा कपाळावर चढवून लेबल वाचतात आणि विचारतात, "वेचला कुणी?"

पहिल्यांदा माझी कॉलर धरली तेव्हा मी इथं न्यूझीलंडात, सँडरिंगहॅमच्या भारतीय किराणा दुकानात कढीपत्ता निवडत होते. किंचाळलेच! गल्ल्यावरचा माणूस शांतपणे म्हणाला, "घाबरू नका, सगळ्यांचंच बघतात."

"शिवला कुठं ते लिहिलंय," काका म्हणाले. "कापूस वेचला कुणी, ते कुठाय?" आणि गाडी सुटली. "अमेरिकेत सरकी काढायचं यंत्र आलं. लोकांना वाटलं, कष्ट वाचले. कसले वाचतात! सरकी झटपट निघते म्हटल्यावर मालकांनी आणखी जमीन घेतली, आणखी गुलाम घेतले. वेचायला यंत्र नव्हतं ना! माणसं गहाण ठेवून कर्ज काढायचे, बरं का! सूत निघायचं इंग्लंडात, आणि तिथला साहेब म्हणायचा, आमचा गुलामगिरीशी काय संबंध? मग अमेरिकेत लढाई पेटली, माल अडकला, तेव्हा साहेबाला आमचं वऱ्हाड आठवलं. भाव असे चढले! लढाई संपली, धाडकन आपटले. वेचणारा मात्र दोन्ही वेळेस तिथंच."

तोवर माझ्या पिशवीतलं आइस्क्रीम पातळ झालं होतं.

काका अमरावतीकडचे, पेनरोजच्या गादी कारखान्यात इंजिनिअर. गाद्या फोमच्या, त्याचंही त्यांना दुःख. एकटेच राहायचे. त्यांना चुकवायला आमचे लोक काय काय करायचे! माझा नवरा एकदा डिसेंबरच्या रणरणत्या उन्हात बार्बेक्यूला लोकरीचा स्वेटर घालून आला. काकांनी लेबल वाचलं, "लोकर," असं हिरमुसून म्हणाले आणि दुसरं गिऱ्हाईक शोधायला गेले. नवरा घामानं निथळत होता, पण खूश होता.

मग काकांची आई गेली. ते गावी गेले, तेरावा उरकून परत आले. मी विमानतळावर घ्यायला गेले, तर सगळे प्रवासी बाहेर आले तरी काकांचा पत्ता नाही. शेवटी सामान तपासणारी एक ऑफिसर बाई माझं नाव विचारत आली. उंच, माओरी, हसऱ्या डोळ्यांची.

"दुभाषी हवाय का?" मी विचारलं.

"नाही. इंग्रजी उत्तम येतं त्यांना. ते थांबतच नाहीयेत."

तिनं मला आत नेलं. टेबलावर एक उशी होती. काकांनी स्वतःच प्रामाणिकपणे दाखवलेली. शिवण उसवलेली, कापसात काळ्या सरक्या. न्यूझीलंडमध्ये बी आणायला बंदी. उशी जाळायची, असा नियम. आणि काका दोन्ही हातांनी ती धरून इंग्रजीत भाषण देत होते. बोलणं चालू आहे तोवर उशी आपली, एवढंच बहुतेक त्यांनी ठरवलं असावं. गुलाम झाले, इंग्लंड झालं, वऱ्हाडचे भाव चढले, आपटले. पुढं सांगायला काही उरेना.

बाईनं सगळं ऐकलं होतं. शांतपणे म्हणाली, "ओके. अँड हू पिक्ड धिस वन?"

काकांनी उशीकडे बघितलं. एवढं फाडफाड इंग्रजी बोलणारे ते, एकदम वऱ्हाडीवर आले.

"माह्या मायनं," ते म्हणाले.

"हिज मदर," मी सांगितलं.

मग काका तुटक तुटक बोलत गेले, मी इंग्रजीत सांगत गेले. माय दुसऱ्याच्या शेतात मजुरीनं वेचायची. वेचणी संपली की झाडांवर राहिलेली चुकार बोंडं मालक नेऊ द्यायचा. त्या बोंडांची सरकी तिनं हातानं काढली, निघाली तेवढी, आणि पोरगा शिकायला वसतिगृहात निघाला तेव्हा त्याला उशी करून दिली. पुढं नोकरी लागल्यावर ती उशी गावच्या घरीच राहिली होती.

बाईनं शिवण हलकेच जुळवली. "जाळायला नको. सरकी मरेल इतकी तापवून घेऊ. मग घेऊन जा."

काही दिवसांनी उशी आणायलाही मीच त्यांना नेलं. परतताना काका ती मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या कॉलरकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"सगळ्यांना विचारत हिंडलो," ते म्हणाले. "मला कुणी विचारलंच नव्हतं गं."

सिग्नलला गाडी थांबली तशी त्यांनी उशी पुढं केली. "टेकवून बघ डोकं."

मी टेकवलं. दगड होता नुसता.

"छान मऊ आहे," मी म्हणाले.

"खोटं नको बोलू," काका खूश होऊन म्हणाले. "पहिल्यापासून अशीच टणक आहे. मायला उशी करता येतच नव्हती."