शालनमावशींची बोटवाली पोरगी

"आगं ए खुळे, भिंतीत कुठं शिरलीस? भाईर ये की!"

मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात ही आरोळी उठली की नवा माणूस दचकतो. आम्ही नाही. शेजारच्या शालनमावशी मोबाइलवरच्या गेममधल्या पोरीला ओरडत असतात. वय चौसष्ट, लग्न केलं नाही, दूध संघात कारकुनी करून निवृत्त.

गेम भाच्यानं घालून दिलेला आणि भलताच भिकार. बकरी छपरातून आरपार जाते. मेलेला मामा पुढच्या प्रसंगात पंगतीत जेवताना दिसतो. पण मावशी म्हणायच्या, "गेम खुळा हाय, पोरगी खरी हाय." त्या पोरीला समुद्रापलीकडं जाऊन बोटी बांधायला शिकायचं होतं. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यालाही मावशींनी थांबवून सांगितलं होतं, "पावणं, पोरीनं आज करवत धरली!"

मग पोरगी बंदरावर पोचली आणि चार महिने तिथंच उभी राहिली. समोर बोट, मागं आई. गेममधल्या कसल्याशा चुकीनं आईचं एकच वाक्य अडकलेलं: "जा बाळ. जा बाळ. जा बाळ." फक्त 'बोटीत बस' हे बटण दाबायचं होतं.

"दाबा की मावशी," मी म्हणालो.

"म्हातारीला मागं कोण बघणार रं?"

"अहो, गेम आहे तो!" म्हणत मी शहाण्यासारखं बटण दाबून टाकलं.

बोट निघाली, गेम बनवणाऱ्यांची नावं सरकली, खेळ संपला. मावशी काळ्या स्क्रीनकडं बघत बसल्या.

"मला मिरजंला नर्सिंगला बोलावलंतं," त्या म्हणाल्या. "आई जा म्हणाली. ट्रंक भरून दिली. रेल्वेत बसलो आन् भ्यालो. मधीच हातकणंगल्याला उतरलो."

मिरज इथून जेमतेम तासाभरावर.

"घरी सांगितलं, आई, तुझ्यासाठनं परत आलो. म्हातारीनं खरं मानलं. माझ्यापायी पोरीचं ऱ्हायलं, म्हणून मरस्तंवर रडली. मी काय बोललो न्हाय."

बटण दाबलेलं बोट कुठं लपवावं, मला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात उभ्या. "संजू, ती पोचली आसंल की रं पलीकडं?"

गेमनं ते दाखवलंच नव्हतं.

"पोचली, मावशी."

"आन् आईला कळवलं आसंल न्हवं?"

मी नुसती मान डोलावली.