प्रश्नचिन्हांच्या वेशीची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न असोत, वेशीवरचे द्वारपाल प्रसन्न होवोत वा न होवोत. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरे, श्रावणमासी जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. राज्य थोर, राजा त्याहून थोर, आणि स्वभाषेचा अभिमान तर गगनात न मावे ऐसा. हुकूम मराठी, हुकुमाच्या फाईलीचे नावही मराठी, आणि ती फाईल ब्राउझर नामे वेशींतून जिकडे तिकडे उतरत असे. वेशी चार, द्वारपाल चार तऱ्हेचे. एक नाव जैसे तैसे नेई, दुसरा त्यात टक्के आणि आकडे पेरी, तिसरा नुसते चौकोन मांडी, आणि किल्ल्याकडची वेस सर्वांत जुनी, तिचा द्वारपाल मराठी अक्षर दिसताच प्रश्नचिन्ह ठोकी.

ऐशात चिटणीस विसाजीपंत यांचे जावई गोंदाजी यांनी सरकारांचे स्वरचित कवन चालू असता भर दरबारी जांभई दिली आणि किल्ल्यावर कैदेत पडले. मग कन्या भिवराबाई माहेरी येऊन बसली आणि अन्न सोडिले आणि म्हणाली, "आबा, तुमच्या लेखणीवर राज्य चालते म्हणता, मग माझा धनी का सुटत नाही?" पंतांचे काळीज चिरले. मग त्यांनी सरकारांचे पाय धरिले आणि माफी मिळविली आणि फाईलीस स्वहस्ते नाव घातले, "गोंदाजी यांची सुटका". ती किल्ल्यावर उतरली तो ओळीने प्रश्नचिन्हेच! आणि किल्लेदार हैबतराव यांची रीत ऐसी की, वरचे नाव वाचून अंमल करावा, फाईल उघडू नये, उघडणे म्हणजे सरकारांवर अविश्वास. सबब माफी तशीच पडून राहिली. मग पंत दरबारी अर्ज करिते जाहले की, "एका फाईलीस दोन नावे लावू. जुन्या वेशीस साधे रोमन अक्षरांतले, नव्या वेशीस मराठी. ज्यास जे उमजेल ते तो उचलील." तेव्हा मंडळी खवळली. "रोमन? मायबोलीचा घात!" प्रधानजी गरजले, "आणि एका हुकुमास दोन नावे? हुकूम आहे की तोतया?" बरे, वेसच दुरुस्त करा म्हणावे, तर तिचे दारोगे वदले, "आमच्याकडे तर नीट दिसते बुवा." अभिमान ऐसा जाज्वल्य की वेशीची बिजागरी सुधारावयास कोणी उठेना. पंत घरी आले, आणि कन्येस तोंड दाखवेनात.

तों किल्ल्यावर नवल वर्तले. हैबतरावांस ती फाईल सलत होती. मग त्यांनी कैद्यांच्या फाइली काढविल्या, तो एकूणएक फाईल त्याच वेशीतून उतरलेली आणि सर्वांची नावे प्रश्नचिन्हे! हैबतरावांनी मिशीस पीळ दिला. "हुकूम प्रश्नचिन्हांचा, कैदीही प्रश्नचिन्हांचे. आज्ञा स्वच्छ आहे. सोडा सगळ्यांस!" मग गोंदाजी सुटले, आणि त्यांचे मागोमाग खजिना लुटणारा तुळाजी दरवडेखोरही सलाम ठोकून निघाला. धनी दारी पाहून भिवराबाई ओक्साबोक्शी रडली, आणि पंतही रडले. सरकारांनी दवंडी पिटविली की, ही सार्वत्रिक दया आमचीच.

एवंच, दया वाढली, दरवडे वाढले, वेस होती तैसीच राहिली. दयेची फाईल लिहिली म्हणोन पंतांस एक गाव इनाम जाहला. सनदेची फाईल तिसऱ्या वेशीतून उतरली, नावाच्या जागी चौकोन, चौकोन, चौकोन. उघडून पाहावे तर सरकारांवर अविश्वास. सासरे-जावई जोडीने तो गाव अद्याप शोधीत आहेत.